मिट्टासुर

परवा इतवारा बाजारातल्या दुकानात मुलतानी मातीचं पोतं उघडलं आणि त्या वासासरशी मला सुमनवहिनी आठवली.

तेव्हा आम्ही नेपानगरला कागद मिलच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी सातवीत होते, वहिनीला सहावा महिना होता. एका दुपारी ती मोरीमागे पदराआडून मातीचं ढेकूळ खाताना दिसली. माझ्या हिंदी कॉमिक्समध्ये मिट्टासुर नावाचा राक्षस होता. माती खाल्ली की त्याच्या अंगात हत्तीचं बळ यायचं. मी टाळ्या पिटत ओरडले, "आई, वहिनी मिट्टासुर झाली!"

आई धावत आली. "आम्ही खायला घालत नाही का गं तुला?"

"घालता ना. पण राहवतच नाही, आई. चक्करबी येते," वहिनी म्हणाली. तिचे ओठ पांढरेफटक होते. मला वाटलं, मातीमुळेच.

सगळे हसलो. बाळंतपणाला ती दापोऱ्याला माहेरी गेली. रक्तस्राव सोसायला तिच्या अंगात रक्तच नव्हतं. मुलगी वाचली, ती गेली.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले. शरीरात लोह कमी पडलं की काहींना मातीची ओढ लागते. पण ती माती अन्नातलं लोहही धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. वहिनी खात होती आणि आणखी रिकामी होत होती.

घरात वहिनीच्या मुलीला मात्र एवढंच सांगितलेलं, तुझी आई माती खाऊन मेली. गेल्या वर्षी मी तिला खरं कारण समजावलं. तिने ऐकून विचारलं,

"आत्या, मग तुमच्यापैकी एकानेही तिला डॉक्टरकडे का नेलं नाही?"