टोपल्याखालच्या भाकरी

आमच्या घरात सकाळी दहाच्या सुमाराला स्वयंपाक तयार असे, आणि निम्मं घर दुपार कलेपर्यंत त्याला हात लावत नसे. भाकरी टोपल्याखाली वाट पाहत राहायच्या. आधी मऊ, मग वातड, मग कडक. त्या भाकरींनी मला जितका ताप दिला तितका त्या वर्षी कोणीच दिला नाही.

मी मामाकडे भुसावळला राहून शिकले. मामा रेल्वेत होता, म्हणून मला तिथल्या इंग्रजी शाळेत घातलं. लढाई सुरू झाली, मॅट्रिक झालं, आणि पुढचं शिक्षण लांबणीवर टाकून मला घरी आणलं गेलं, तापीकाठच्या आमच्या गावी, सारंगखेड्याच्या अलीकडे. माझ्यासाठी स्थळं पाहायची होती. शाळेत राहून माझी अहिराणी अडखळू लागली होती. मी काही बोलले की घरचे हसायचे, म्हणून मी कमीच बोलायचे. बसून पाहत राहायचे.

वहिनीला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं मूल काही दिवसांतच गेलं होतं. अगदी किडकिडीत जन्मलं होतं. या वेळी भाऊ तिला आगगाडीने नवापूरच्या बाजूला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई गोऱ्या होत्या, मराठी तोडकंमोडकं, म्हणून दुभाषी म्हणून मी गेले आणि सोबतीला माय. डॉक्टरीणबाईंनी वहिनीच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, आणि मला इंग्रजीत सांगितलं की हिच्या अंगात रक्त नाही. पालेभाजी, दूध, डाळ, गूळ रोज पोटात जायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिने उपाशी राहायचं नाही. सकाळी काहीतरी, दुपार व्हायच्या आत पोटभर जेवण. नाहीतर हे मूलही पहिल्यासारखंच होईल.

मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. माय प्रत्येकाला मान डोलावत होती. वहिनी जमिनीकडे पाहत होती. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, हे तू बघायचं. मला वाटलं, शाळेत शिकलेलं सगळं याचसाठी होतं.

शाळेत आम्हाला घर चालवण्याचा एक तास असे. भाजी शिजवून पाणी फेकू नये, पाणी उकळून झाकून ठेवावं, प्रत्येक वस्तूला एक जागा असावी आणि ती वस्तू त्याच जागी परत जावी, जेवण ठरलेल्या वेळी व्हावं. मी घरी आल्यावर कामाला लागले. मला वाटलं होतं माय अडवेल. तिने मुळीच अडवलं नाही. पळ्या, झारे, उलथनी कोनाड्यात ढीग करून पडलेली असायची. मी भिंतीला खुंट्या ठोकून ती ओळीने लावली. चूल खिडकीखाली घेतली, धूर कमी झाला. उतरंडीतल्या मडक्यांत रोज लागणारं धान्य वर आणि क्वचित लागणारं तळाशी केलं. मोरीचं पाणी परसात वळवून तिथे तांदुळजा आणि मेथी टाकली. शेवगा होताच. पाण्याच्या माठाला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं आलं.

मायला हे सगळं इतकं आवडलं की गावातल्या बायकांना ती स्वयंपाकघरात नेऊन दाखवायची. "मन्ही आंडेरनी करेल शे समदं," म्हणायची. आंडेर म्हणजे मुलगी. आंडेरचं शिक्षण असं खुंट्यांवर टांगून दाखवता येत होतं.

एक गोष्ट मात्र जागची हलत नव्हती. जेवायची वेळ.

स्वयंपाक दहाला तयार होऊ लागला, कारण चूल चांगली पेटत होती आणि वस्तू हाताशी होत्या. पण नाना, म्हणजे माझे वडील, भाऊ मळ्यातून आल्याशिवाय जेवत नसत. राबणारा उपाशी असताना आपण ओसरीवर बसून काय खायचं, असं त्यांचं म्हणणं. नाना जेवल्याशिवाय माय जेवत नसे. आणि सासू जेवल्याशिवाय सून कशी जेवेल? लग्न न झालेली आंडेर म्हणून मला कोणाचीच आडकाठी नव्हती. मला साडेदहाला हाक मारून ताट मिळे. वहिनी वाढायची आणि समोर बसायची.

"तुम्हीपण घ्या ना," मी म्हणायचे.

"ताई, तुमना घड्याळले भूक लागस, माले नही," ती हसून म्हणायची. तिचे ओठ पांढरे दिसायचे.

मी मायला डॉक्टरीणबाईंची आठवण करून दिली. माय दुखावली. "तिन्ही सांगेल समदं देस मी वहूले. पाय तू." आणि तिने मला दाखवलं. खरंच होतं. वहिनीसाठी दुधाचा पेला वेगळा झाकलेला होता. तांदुळज्याची भाजी सगळ्यांच्या आधी तिच्या वाटणीची काढून ठेवलेली. गुळाचा खडा. तुपाची वाटी. चांगल्यातलं चांगलं. मायने एकही गोष्ट चुकवली नव्हती. फक्त ते सगळं वहिनीच्या पोटात तीन वाजता जायचं. तोवर दुधावर जाड साय धरलेली असायची आणि भाजी काळपट पडलेली.

याला काय म्हणायचं? मारणारी, उपाशी ठेवणारी सासू असती तर भांडता तरी आलं असतं.

मग मी भावाकडे वळले. त्याला एकटा गाठणं कठीण. मळ्यातून परतताना तो दुकानापाशी थांबायचा. तिथे कोणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि लढाई कुठवर आली यावर गावभर चर्चा चाले. शिवाय मळ्यात त्याची सकाळची न्याहारी दणकून झालेली असायची, कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा. त्याला दुपारी भूकच नसे. एकदा गोठ्याजवळ तो सापडला तेव्हा मी धीर करून म्हटलं, "तू उशिरा येतोस म्हणून वहिनी उपाशी राहते."

तो चकितच झाला. "मी काय सांगस का कोनले, उपाशी बठा म्हनीसन?"

आणि तेही खरं होतं. त्याने सांगितलं नव्हतं. नानांनीही सांगितलं नव्हतं. त्यांना तर स्वयंपाकघरात कोण कधी जेवतं याची कल्पनाही नव्हती. मायने वहिनीला कधी "थांब" म्हटलं नव्हतं. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं, आणि एक बाई रोज उपाशी बसत होती. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. पण कोणती भिंत, तेच कळत नव्हतं.

मी भावासाठी मळ्यात डबा पाठवून पाहिला, म्हणजे तो तिथेच जेवेल आणि गाठ सुटेल. डबा तसाच परत आला. सालदार गड्यांसमोर बसून दोनदा काय खायचं, म्हणाला. मी वहिनीला परसात शेवग्याखाली नेऊन भाकरीत गूळ गुंडाळून दिला. तिने तो माझ्या हातात परत ठेवला.

"चोरीसन खादं त पोर चोरटं निंघी, ताई."

"असं काही नसतं."

"तुमनी शाळामा नसी," ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

सातवा महिना लागला होता. एका दुपारी ती नानांच्या पाठोपाठ मायचं ताट वाढायला वाकली आणि तशीच आडवी झाली. वरणाचं भांडं कलंडून चुलीत गेलं, सगळीकडे राख उडाली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. समोर टोपलं होतं. टोपल्याखाली तिची भाकरी होती, शेजारी दुधाचा झाकलेला पेला, भाजी, तूप. हातभर अंतरावर. माय रडायला लागली. तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीतल्या उरल्या निखाऱ्यांवर टाकल्या. कोणाचीतरी नजर लागली होती म्हणे. नजर! मिरच्यांचा ठसका बसून वहिनी शुद्धीवर आली, आणि मायला पहिलं काय म्हणाली? "आत्याबाई, तुम्ही जेवा ना."

मी चुलीतली राख भरून काढली आणि सांडलेलं वरण पुसलं. पुसता पुसता मला एक गोष्ट दिसली. या घरात सांगून काही होत नव्हतं. इथे माणसं फक्त एकमेकांसाठी थांबत. मग थांबायचंच.

दुसऱ्या दिवशी मायने हाक मारली, "ये वं बाई, जेई ले."

मी म्हटलं, "वहिनी जेवतील तेव्हा."

"तिन्हं तुन्हं काय? तू आंडेर शे."

"मला एकटीला घास उतरत नाही."

माय हसली. शाळेचं खूळ, दोन घटकांत उतरेल असं तिला वाटलं. मी सुपात डाळ घेऊन निवडत बसले. अकरा वाजून गेले. मनात येत होतं की वहिनी हे रोज करते, पोटात पोर घेऊन. माय दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली ती चिडून.

"पुढला महिनामा पाव्हणा पाहाले येतीन. काय हाडं दाखाडशी त्यास्ले?"

मी डाळीतला खडा शोधत राहिले. ओसरीवरून नानांचा आवाज आला, "पोर काबरं उपाशी शे?" नाना स्वयंपाकघराकडे तोंड करून कधी बोलत नसत. आवाज ऐकून माय एकदम दचकली, आणि सगळा राग वहिनीवर निघाला.

"बठ वं तू तिन्हासंगे! तुन्हामुये मन्ही आंडेर उपाशी ऱ्हायनी!"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते बोलणी खाल्ल्याचं की आणखी कशाचं, मला सांगता येणार नाही. मी दोन पाट मांडले. भाकरी अजून मऊ होती. ती भिंतीकडे तोंड करून भरभर जेवली, कोणी ताट ओढून घेईल तशी. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. जी उपाशी होती तिला वाढलं होतं ते माझ्या भुकेसाठी, आणि वर तिलाच दोष देऊन.

पण मी थांबणं सोडलं नाही. रोज दोन पाट. हळूहळू ती तोंड माझ्याकडे करून जेवू लागली. बायका विचारायच्या तेव्हा माय सांगे, "मन्ही आंडेरले एकलं जेवानं आवडत नही, म्हनीसन वहूले बसाडस." त्यातही कौतुक होतं. माझ्या खुळाचं.

मुलगी झाली. वजनाला भरलेली, मुठी आवळून रडणारी. सगळे म्हणाले, मायचा नवस फळला.

पुढे माझं स्थळ जमलं नाही आणि शिक्षिका व्हायला मी परत भुसावळला जायचं ठरलं. स्टेशनाकडे जायला बैलगाडी जुंपली होती. वहिनी लेकीला कडेवर घेऊन दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, आते मी कोनासंगे जेवू?"

गाडी निघाली, आणि सबंध रस्ता, दादर ज्वारीच्या शेतांमधून, तो प्रश्न माझ्याबरोबर हादरे खात होता.

दोनेक वर्षांनी मी सुटीत घरी गेले. स्वयंपाकघरात पळ्या खुंट्यांवर ओळीने होत्या. अकराच्या आधीच दोन पाट मांडलेले दिसले. एकावर वहिनी, दुसऱ्यावर तिची मुलगी. पोरगी तोंड घट्ट मिटून बसली होती. वहिनीने स्वतः घास घेतला, तेव्हा तिने तोंड उघडलं.

"मायशिवाय खास नही ती," माय मला कौतुकाने म्हणाली. "तुन्हा गुण लागना तिले."

वहिनीच्या चेहऱ्यावर रंग होता. मला हायसं वाटलं. तरी तिच्या भुकेचं नाव अजून कोणी घेतलं नव्हतं. आधी ती माझ्यासाठी जेवत होती, आता मुलीसाठी.

जेवणं झाल्यावर टोपल्याखाली पाहिलं. भाकरी होत्या, नानांच्या, भावाच्या आणि मायच्या. मायचे हात जात्यावर होते आणि दळता दळता ती मध्येच थांबून डोळे मिटत होती. केस पुष्कळ पांढरे झाले होते.

"माय, तुला भूक नाही लागत?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी इंग्रजीत बोलले होते.

"माले सवय शे," ती म्हणाली.

नात उठून तिच्याकडे गेली आणि उष्ट्या हाताने भाकरीचा तुकडा तिच्या तोंडाशी नेला. मायने हसून तोंड फिरवलं. "तुन्हा आजाले जेवू दे आधी."

मी दाराबाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता. भाऊ दुकानापाशी असणार. मी आत येऊन भाकरींवर टोपलं पुन्हा नीट झाकलं.