माडी न पाहिलेले दलालकाका

"वरती तर विचारूच नका," असं म्हणून काका डोळे मिटायचे आणि हाताचा पंजा छताकडे उचलायचे. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत तुम्ही रेवदंड्याच्या कोटात घर बघायला आला असतात, तर हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागलं असतं.

काका घरांचे दलाल. मी शाळेत मास्तर, आणि त्या विकाऊ घराच्या समोरच भाड्याने राहणारा. पोर्तुगीजांच्या जुन्या तटाला खेटून असलेलं ते घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली आणि मधे शिडीपेक्षा जरासा बरा जिना. मालक मुंबईला. काका गिऱ्हाइकाला वर पाठवत आणि स्वतः खालच्या पायरीवर बसून माडीचं वर्णन करत. वारा, उजेड आणि खिडकीतून दिसणारा समुद्र. स्वतः ते कधी वर गेलेच नव्हते. त्यांचा देह माडीच्या फळ्यांतल्या जिन्याच्या अरुंद तोंडात मावणं शक्य नव्हतं.

गिऱ्हाईक वरून ओरडून सांगे, खिडकी उघडत नाही. काका म्हणत, दमट हवेने लाकूड फुगलंय, उन्हाळ्यात या. उन्हाळ्यात आलेल्यांना ते हिवाळ्यात बोलवत. शेवटी मालक कंटाळला. त्याने दुसरा दलाल बघायचं ठरवलं, तेव्हा काकांचं जेवण कमी झालं. आकारात मात्र फरक पडला नाही.

अशात पेणहून एक नर्सबाई आल्या. नोकरी संपलेली, एकट्या, करड्या शिस्तीच्या. माडीवर जाऊन त्यांनी खिडकीला दोन धक्के दिले आणि वरूनच म्हणाल्या, "समुद्र तुम्ही स्वतः येऊन दाखवा. दिसला, तर घर घेते."

काका चढले. खांदे गेले, पोटाशी गाडं अडलं. पुढेही नाही, मागेही नाही. मी धावत जाऊन खोबरेल आणलं, चोळलं आणि खालून खांदा लावला. वरून बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. बाईंचा सगळा जन्म बाळंतपणं करण्यात गेलेला. "आता जोर करा. आता थांबा, श्वास घ्या," असं त्या शांतपणे सांगत होत्या, आणि काका निमूटपणे ऐकत होते. शेवटी ते एकदम वर निघाले. बाईंनी सवयीने त्यांची पाठ थोपटली.

मग काकांनी खिडकीला पाठ लावली. इतक्या वर्षांत तिला असं वजन मिळालंच नव्हतं. ती उघडली.

मी जिन्याच्या तोंडातून डोकं वर काढून पाहिलं. काका खिडकीत उभे होते.

"मास्तर, समुद्र हाय," ते हळूच म्हणाले.

मी विचारलं, मग इतकी वर्षं कशाच्या जोरावर सांगत होता? ते म्हणाले, तट जवळ हाय, म्हणजे समुद्रही असंल, असं मला वाटायचं.

त्या आनंदात त्यांनी आजवर गिऱ्हाइकांकडून ऐकलेली घराची सगळी दुखणी खरीखरी सांगून टाकली. कुठलं कौल फुटलंय, कुठे गळतं, वटवाघूळ कुठे लटकतं. बाईंनी तिथेच घर पसंत केलं.

काकांना खाली कसं आणायचं, हा प्रश्न उरला. मी पुन्हा खोबरेल घेऊन पुढे झालो, तर बाई म्हणाल्या, "बाळ परत आत जात नाही, मास्तर."

सुतार नागावला लग्नाला गेलेला. तो दुसऱ्या दिवशी येईपर्यंत काका वरच राहिले. त्यांनी खिडकीतून सोडलेल्या दोरीला टोपली बांधून आम्ही पेज, सुकट आणि खरचटलेल्या पोटासाठी बाईंनी दिलेलं आयोडीन वर पाठवलं. कोर्लईकडून कुठलं गलबत आलं, हे काका सगळ्या आळीला ओरडून सांगत राहिले.

सुताराने फळ्या कापून जिन्याचं तोंड चांगलं रुंद केलं. त्यानंतर काका रोज संध्याकाळी 'देखरेखीला' येत आणि थेट माडीवर जात. बाई कुरकुरत, पण चहा आधीच उकळत ठेवलेला असे.

काही वर्षांनी काका गेले. माडीवरचा धूळ-वारा खाली येतो म्हणून सुताराने बाईंना विचारलं, फळ्या पुन्हा बसवून देऊ का? बाईंनी मान हलवून नको म्हटलं. अंगाने काडीसारख्या त्या बाई पुढेही, संध्याकाळ झाली की, जिन्याच्या त्या एवढ्या मोठ्या तोंडातून कपबशी सांभाळत एकट्याच वर जात.