बंद आळीतले हातोडे

कसबा पेठेत संगणकवर्गांच्या पाट्या झळकू लागल्या, तरी तात्यारावांच्या आळीत तांबे ठोकण्याचाच घोष चाले. घागर मठारताना, ठोक्याठोक्याने तिला झळाळी देताना, त्यांचा हात भजनातल्या टाळासारखा चाले. हातोडा हीच त्यांची पूजा, भट्टीची धग हाच धूप!

पण त्या हातावर एक सावली होती. तात्यारावांना फेफरे येई. खूण नेहमी एकच: दुकाने बंद असतानाही आळीतले सारे हातोडे एकदम वाजू लागत, जवळ जवळ येत, कपाळात शिरत, मग अंधार. एकदा ते भट्टीच्या कडेलाच कोसळले. त्या दिवशी पत्नी आनंदीबाईंनी दुकानाची किल्ली पदराला बांधली.

"बरे झालात की मागा. तोवर भट्टी माझी सवत."

डॉक्टर आम्रपालींनी त्यांना एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतले. "मेंदूत 'चल' म्हणणारे निरोप असतात, तसे 'थांब' म्हणणारेही. हे औषध 'थांब'ला बळ देईल असा अंदाज आहे. कुणाला खरी गोळी, कुणाला नुसती पिठाची. तुमची कोणती, ते मलाही ठाऊक नाही."

"तुमचं ते 'थांब' म्हणजे तबल्यातली खाली. ती हुकली की ताल उधळतो."

"तसंच समजा. पण गोळी एकदम सोडायची नाही हं तात्या. झटका उसळून येतो."

देवाला दाखवल्यावाचून त्या घरात घोटभर पाणीही कुणी पीत नसे. गोळीही रोज देव्हाऱ्यात जाई, मग हातावर येई. ती अर्धीच असते, हे तात्यारावांच्या ध्यानी आले नाही.

झटके थांबले. केवढी कृपा! मात्र त्या कृपेमागोमाग घरात एक शांतता आली, आणि ती वाढत गेली. एका दुपारी आनंदीबाई देव्हाऱ्यापुढे बसलेल्या. निरांजन विझलेले, डोळे उघडे, पापणी हलत नव्हती.

"अगं, काय करतेस?"

"ऐकतेय. किती शांत आहे ना?"

बाहेर आळी दणाणत होती. तात्यारावांनी कान दिला. ठोके पाण्याखालून यावेत तसे लांबून येत होते.

"ही शांतता तुलाही कशी गं?"

"प्रसाद एकट्यानं खातात का? अर्धी मी घेते."

डॉक्टरांना सांगावे, तर चाचणी सुटणार. चाचणी सुटली, तर किल्लीही. ते एवढेच म्हणाले, "उद्यापासून तू घेऊ नकोस." डॉक्टरांची ताकीद तिलाही लागू असेल, हे त्यांच्या मनातही आले नाही.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी आनंदीबाईंनी हसत पदराची गाठ सोडली. आळी निपचित होती. तात्यारावांनी कुलपात किल्ली घातली, तोच मागून आवाज आला.

"अहो, आज सगळं बंद आहे ना? मग एवढे हातोडे कोण वाजवतंय?"

त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. त्यांनी वळून पाहिले. तिची नजर कुठेतरी पलीकडे लागली होती.

"जवळ येतायत," ती म्हणाली.

ती पडत असतानाच त्यांनी तिला झेलले, कुशीवर वळवले, मान सांभाळली. त्यांच्या झटक्यांसाठी डॉक्टरांनी शिकवलेले सारे तिच्यासाठी केले. झटका निवल्यावर शेजारच्या जयाताईंना उशाशी बसवून ते कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथकडे धावले. किल्ली कुलपातच लटकत राहिली.

"डॉक्टरबाई, माझं नाव काढून टाका, खुशाल काढा. गोळी आम्ही प्रसादासारखी वाटून खाल्ली. परवा मी तिची एकदम बंद केली. आता माझे हातोडे माझ्या आनंदीला ऐकू येतायत. तिला कुठं घेऊन येऊ, तेवढं सांगा."