रिकाम्या हाताने

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिकवण कुळगावच्या हेमंतने व्हिडिओ गेमच्या डिस्कलाही लावली होती. शेजारच्या कैलासचा गेम परत करताना तो सोबत आपलाही एक खेळायला द्यायचा. दहा-बारा वर्षं हे चाललं. मग हेमंतला अवदसा आठवली. सगळ्या डिस्क उल्हासनगरला मिळेल त्या भावाने विकून त्याने बिनडिस्कचं मशीन घेतलं. आता गेम पन्नास, पण सगळे त्याच्या ऑनलाइन खात्यात. ना कुणाला देता येत, ना विकता येत.

तेवढ्यात कैलासने सवयीने नवी डिस्क आणून दिली. ‘माझ्या मशीनला ही चालत नाही,’ एवढं सांगायलाही हेमंतची जीभ रेटली नाही. परत करावी, तर सोबत द्यायला काही नाही. आज देऊ, उद्या देऊ करत वर्ष गेलं.

हल्ली कैलास जिन्यात मान फिरवतो. त्याला वाटतं, हेमंतने गेम ढापला.