झल्लाकमधलं गेटिसबर्ग

कॅरलच्या पेट्या वाटेतल्या कुठल्यातरी विमानतळावर अडकल्या होत्या, आणि तिचं ट्रेनिंग दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

"पेट्यांमध्ये काय होतं?" मी विचारलं.

"अमेरिकेचं सिव्हिल वॉर," ती म्हणाली आणि लॉबीतल्या सोफ्यावर मटकन बसली.

बहारीनमध्ये, झल्लाकच्या समुद्रकाठी एका रिसॉर्टमध्ये मी बँक्वेट मॅनेजर आहे. म्हणजे हॉलमध्ये जे जे होतं, त्याला जबाबदार मी. माइक बंद पडला तरी मी, नवरदेव उशिरा आला तरी मीच. पण हरवलेलं युद्ध शोधून द्या, असं अजून कुणी म्हणालं नव्हतं.

मी करक, म्हणजे इकडचा कडक दुधाळ चहा मागवला. दोन घोट पोटात गेल्यावर ती सविस्तर बोलली. नोकरी सोडून तिने स्वतःचं ट्रेनिंग सुरू केलं होतं. बहारीनमधलं हे पहिलंच काम. एका बँकेच्या मॅनेजर मंडळींना टेबलावर लढाई लढायला लावायची आणि त्यातून निर्णय कसे घ्यावेत हे शिकवायचं. पसंत पडलं तर बँक वर्षभराचं सगळं ट्रेनिंग तिला देणार होती. नाही पडलं तर परतीचं तिकीट.

लढाई होती गेटिसबर्गची. उत्तर आणि दक्षिण अशा दोन अमेरिका आपसात लढत होत्या. तिसऱ्या दिवशी उत्तरेचं सैन्य एका टेकाडावर बसलं होतं. दक्षिणेच्या सेनापतीने मोकळ्या मैदानातून थेट त्यावर चाल करायचा हुकूम दिला. हाताखालचा सरदार म्हणाला, वळसा घालू. सेनापतीने ऐकलं नाही. चालून गेले त्यातले जेमतेम निम्मे धड परतले. दुसऱ्याच दिवशी तिकडे पश्चिमेला नदीकाठचं व्हिक्सबर्गही पडलं, आणि तिथून युद्धाचं पारडं फिरलं.

"मला ते टेकाड हवंय," कॅरल म्हणाली. "बनवता येईल?"

आता हे तिने साताऱ्याच्या माणसाला विचारावं! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मी वाढलो. दर दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला केल्याशिवाय आम्ही फराळाला शिवत नव्हतो. मी छाती काढून हो म्हणालो. हातात एक नकाशा देऊन ती बँकेच्या मीटिंगला शहरात सीफला गेली.

मी युसुफभाईंना बोलावलं. ते आमचे मेंटेनन्सचे सुतार, रत्नागिरीचे. गल्लीतल्या पोरांबरोबर त्यांनीही लहानपणी किल्ले केलेले. त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. दोन मोठी टेबलं जोडली. माळ्याकडून माती आणली, गोणपाट चिखलात बुडवून विटांवर पांघरलं. गवताला आपण मोहरी पेरतो, पण उगवायला वेळ कुठे होता? आमच्या किचनमध्ये सॅलडवर घालायला मोहरीचे कोवळे कोंब ट्रेमध्ये वाढवतात. शेफची मनधरणी करून तेच उचलले. उत्तरेचे सैनिक बदाम, दक्षिणेचे खजूर.

युसुफभाई जरा मागे सरकून बघत म्हणाले, "साहेब, बाईंच्या कागदावर ह्यो एवढा उभा दिसत नाय."

"युसुफभाई, डोंगर म्हटल्यावर डोंगरासारखा नको?"

"मला काय, तुमी सांगाल तसा." असं म्हणून त्यांनी वर आणखी एक थर थापला.

सकाळी कॅरल आली. आधी "ब्यूटिफुल!" म्हणाली. मग टेबलाभोवती एक फेरी मारली आणि तिचा चेहरा उतरला.

"खरं टेकाड किती उंच होतं ठाऊक आहे? तिथे सायकलवरून आरामात चढता येतं. सोपं दिसतं म्हणून तर माणसं फसतात. माझा सगळा खेळ त्यावर आहे. हे बघून कोण वेडा चाल करेल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कौतुकाच्या नादात मी एका बाईचं पहिलंच काम घालवायला निघालो होतो. माती वाळून दगड झाली होती, आणि दारात बँकेची बस लागली होती.

बँकेचे मोठे साहेब खलील. गोलमटोल, हसतमुख बहारिनी गृहस्थ, आवाज मात्र दोन हॉल पलीकडे जाणारा. त्यांनी आपणहून दक्षिणेचं सेनापतिपद घेतलं, कारण वर बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्या हाताखाली अनघा, पुण्याची, बँकेची रिस्क मॅनेजर. म्हणजे पैसे कुठे बुडतील हे आधी सांगायचा पगार घेणारी. तिने डोंगराकडे एकदाच पाहिलं.

"सर, समोरून शक्यच नाही. उजवीकडून वळसा घालू आणि शत्रूची राजधानीकडची वाट अडवू. मग त्यांनाच खाली यावं लागेल."

बाकीच्या मॅनेजरांनी भराभर माना डोलावल्या. कॅरलने माझ्याकडे पाहिलं. वळसा घातला की खेळ कॉफीच्या आतच खलास. मी दाराशी किटलीवाल्यासारखा उभा होतो आणि जमीन दुभंगायची वाट बघत होतो.

खलील साहेबांनी बाह्या सारल्या. "अनघा, मी ही बँक वळसे घालून मोठी केली नाही. यल्ला, चला, सरळ वर!"

आणि काय सांगू! आता आता वळशाला माना डोलावणारी सगळी मंडळी एका सुरात "येस सर" म्हणाली आणि मूठमूठ खजूर घेऊन डोंगराला भिडली. खजूर लावायचे, ते घरंगळायचे. नियम असा होता की पडलेला सैनिक शत्रूने खायचा. उत्तरेची मंडळी खाऊन खाऊन हैराण झाली. साहेब तरी "यल्ला, यल्ला" करतच होते. सगळी फौज उत्तरेच्या पोटात गेली तेव्हा ते थांबले.

मग कॅरलने खरी हकिकत सांगितली. तिथल्या सरदारानेही वळशाचंच सुचवलं होतं. सगळे साहेबांकडे बघायला लागले. आता हा माणूस चिडणार, असं मला वाटलं.

"मग त्या सरदाराने पुढे काय केलं?" साहेबांनी विचारलं.

"चाल करणारे त्याच्याकडे निघायचा हुकूम मागायला आले, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने नुसती मान हलवली."

साहेबांनी आपल्या माणसांवरून नजर फिरवली. "तुम्हा सगळ्यांना हा डोंगर एवढा उभा दिसत होता?"

"येस सर," सगळे एका सुरात म्हणाले.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग साहेबच पोट धरून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्यामागून सगळा हॉल.

"अनघा, पुढच्या वेळी मोठ्याने सांग."

"मोठ्यानेच सांगितलं होतं सर."

कॅरलला वर्षभराचं काम मिळालं, सगळ्या शाखांसकट. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना पदरचं आइस्क्रीम खाऊ घातलं. जाताना तिने युसुफभाईंना तस्साच डोंगर प्रत्येक बॅचला करायला सांगितलं, तेवढाच उभा. इतकी वर्षं तिला वाटत होतं की माणसं उताराला फसतात. उताराचा काही संबंध नाही. साहेब यल्ला म्हणाले की माणसं भिंतसुद्धा चढतात.