साडूभाऊ आणि गावाचे रांजण

आमच्या थोरल्या साडूभाऊंइतका भरलेल्या भांड्यांचा वैरी उभ्या हदगाव तालुक्यात सापडायचा नाही. एरवी माणूस लोण्यासारखा मऊ. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली आणि निवृत्तीनंतर हिमायतनगरच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी जाऊन शेती बघायची सोडून लोकांच्या रांजणात डोकावायचं काम अंगावर घेतलं. कुणाच्याही दारी गेले की चहाच्या आधी झाकणी काढणार, बॅटरीचा उजेड पाडणार आणि एखादी अळी वळवळताना दिसली की विनातिकीट प्रवासी सापडल्यासारखे खूश होणार. "ह्यो बघा डेंगूचा डास, अजून पंख फुटायचेत," असं म्हणत घरधन्यानं हो-ना करायच्या आत रांजण आडवा! एका साखरपुड्यात पाहुणे जेवून हात धुवायला उठले तर पिंप रिकामं, आणि साडूभाऊ आत डोकं घालून ते काथ्यानं घासताहेत. सोयरीक मोडता मोडता राहिली.

आता या गावात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. तिथं साठवलेलं पाणी ओतणारा माणूस म्हणजे दरोडेखोरच. साडूभाऊ गल्लीच्या तोंडाशी दिसले की बायका हंडे गोधडीखाली लपवायच्या. त्यांच्या शेजारची म्हातारी तर रांजणापुढं बाज टाकून त्यावर आडवी व्हायची. "डास गटारीत व्हतात रे! माझं पाणी कसं सोन्यावानी हाय," असं ती ओरडली की साडूभाऊ म्हणायचे, "मावशे, त्याला सोनंच लागतंय. घाण पाणी चालत न्हाई, लई सोवळा हाय त्यो." आम्ही हसायचो. मग एका पावसाळ्यात घरोघर तापानं अंथरुणं धरली. गल्लीतली एक शाळकरी पोर नांदेडला नेतानाच वाटेत गेली. तिच्या मातीहून परतल्यावर साडूभाऊंनी पाणी ओतणं बंद केलं आणि माणसांशी बोलायला लागले.

गावच्या आशाताईंना सोबत घेऊन ते मारुतीच्या पारावर गल्लीवार बायका बसवायचे. पाणी सोडणाऱ्या गड्यालाही त्यांनी वळवलं. ठरलं असं, की नळ यायच्या आदल्या दिवशी उरलंसुरलं पाणी ओतायचं नाही, ते धुण्याला आणि गुरांना वापरायचं. भांडी घासून उन्हात पालथी घालायची, प्यायला कुणाकडं कमी पडलं तर शेजारणीनं कळशीभर द्यायचं, आणि ज्या गल्लीची भांडी पालथी तिचा वॉल्व्ह पहिला उघडायचा. या शेवटच्या कलमानं गाव सुधारलं! सगळ्यांआधी पाणी मिळावं म्हणून बायका एकमेकींचे रांजण घासायला धावू लागल्या. म्हातारीनं बाजसुद्धा हलवली.

हलला नाही तो एकच रांजण, साडूभाऊंच्या स्वतःच्या अंगणातला. माझ्या मेव्हणीचा, म्हणजे आक्कांचा. आक्कांनी लहानपणी कोसभर चालून पाणी वाहिलेलं. घोटभर पाणी सांडलं तरी त्या फडक्यानं टिपून तुळशीत पिळायच्या. "माझ्या रांजणाला हात लावसाल तर त्या दिवशी चूल पेटायची न्हाई," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. साऱ्या गावाशी भांडणारा हा माणूस बायकोपुढं गप्प. वरची झाकणी ठीक करायचा आणि आम्हाला सांगायचा, "आमचं पाणी सोच्छ हाय. ती रागावते हो उगी."

दिवाळीच्या तोंडावर आक्कांना ताप भरला. नांदेडला आमच्याकडं आणल्या, दवाखान्यात घातल्या. रक्तातल्या पेशी उतरत गेल्या त्या वर आल्याच नाहीत. गावी माती आटोपल्यावर आशाताईंनी रांजणात बॅटरी मारली, आत अळ्या वळवळताना पाहिल्या आणि झाकणी परत ठेवली. माझ्या बायकोनंही त्या पाहिल्या. भरल्या अंगणात ती ओरडली, "दाजी, गावाचं ओतलं, माझ्या बहिणीचं तेवढं न्हाई ओतवलं तुम्हाला?"  त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि ते घराबाहेर पडेनासे झाले.

काम थांबलं नाही, हे मला फोनवर आशाताईंनी सांगितलं. भांडी पालथी घालायच्या दिवशी गल्लीतल्या बायका आधी साडूभाऊंच्या अंगणात जातात, आक्कांचा रांजण घासून ठेवतात आणि मग आपापल्या घरचं बघतात. पुढच्या पावसाळ्यातही गावात ताप आला, पण माती कुणाची झाली नाही. हे ऐकून मला बरं वाटलं आणि आक्कांसाठी फार वाईटही वाटलं.

परवा साडूभाऊ डोळे तपासायला नांदेडला आले होते. वाळून गेलेत. बायकोनं चहा पुढं ठेवला, त्यांनी घेतला. निघताना त्यांची नजर परसातल्या आमच्या पिंपाकडं गेली आणि त्यांनी ती लगेच वळवली. बायकोनं ते पाहिलं. ती उठली आणि पिंपाचं झाकण काढलं.

"बघा, दाजी."

साडूभाऊ जागचे हलेनात. मग लहान पोरानं विचारावं तसं म्हणाले, "राग न्हाई ना यायचा, बाई, तुला?"

 तिनं पिंपाची एक कड धरली. दुसरी धरायला साडूभाऊ वाकले.