उस्तादची पोरगी

चेंडू हातात आला की ती आधी तो अंगठ्याने दाबून पाहायची. मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायची, जणू त्यानेच वाटेत हवा काढून घेतली. कुणी फुशारकी मारली, "ताई, काल माह्यी किक सीधी जाळीत गेली," तर तिचं उत्तर ठरलेलं.

"असंन. दाखव बरं."

तुम्ही म्हणाल, एवढा संशय बरा नव्हे. मला मात्र तिचं हेच आवडायचं. वणीत कोळशाच्या ट्रकांचं वजन करतात, त्या काट्यावर माझी उभी हयात गेली. वर कोळसा, खाली दगड, पाणी मारून वाढवलेलं वजन, आणि वर गळ्याची शपथ घेणारे ड्रायव्हर. असं सगळं पाहिलेल्या माणसाला कुणी राम राम केला तरी वाटतं, याचं काय काम असेल?

माझं आणि तिचं घर शेजारी, मैदानाला लागून, मैदानाच्या कडेला एक सामाईक भिंत. तिचे वडील खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते, पण सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं. फुटबॉलमधलं बाकीचं दुसऱ्यांनी शिकवावं, उस्ताद फक्त किक शिकवणार. मैदानावर रेघा आखतात ती फक्की ओली करायची, चेंडू तिच्यात लोळवायचा आणि पोट्ट्याला किक मारायला लावायची. मग बूट पाहायचा. पांढरा डाग बुटाच्या टोकाला निघाला की त्याची खैर नसे. दुसरा हट्ट म्हणजे किक लांबून धावत येऊनच मारायची. "घाई नाही पाह्यजे. दुरून ये, इचार करत ये," असं ते ओरडून सांगत.

लकवा मारला आणि उस्ताद खाटेवर पडले. थोड्याच दिवसांत पोरगी त्यांची शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात उभी राहिली. दिवसा झेरॉक्सच्या दुकानात काम, संध्याकाळी किक. शिट्टी तीच, फक्कीची बादलीही तीच. पोट्टे तिला ताई म्हणत, गाव उस्तादची पोरगी म्हणायचं. उस्ताद काहीच म्हणत नसत, आणि तेच तिला लागायचं. एकदा मला म्हणाली, "काका, बाबा एक डाव म्हणतीन ना, का तुले जमून राह्यलं, तर माह्यं झालं. बाकी काही नाही पाह्यजे मले."

एके दिवशी उस्तादांनी मला खाटेजवळ बोलावलं. त्यांची खिडकी दुसऱ्या बाजूला होती. मैदान दिसत नसे, नुसतं ऐकू येई.

"आवाज बदलला बे," ते म्हणाले.

"कायचा?"

"किकचा. पयले धावल्याचा आवाज ये, मंग धप. आता नुसतंच धप. पोरगी माह्यी लाइन मोडून राह्यली. जाऊन पाय बरं."

माझ्यासारख्याला असलं काम म्हणजे सणच. संध्याकाळी भिंतीवर जाऊन बसलो. उस्तादांचं खरं होतं. पोट्टे दोन पावलांवरूनच किक मारत होते, कारण मागे जागाच नव्हती. उस्ताद पडल्यापासून मैदानात ट्रक उभे राहू लागले होते. आधी एक, मग रांगच लागली. ते ट्रक मी रोज पाहत होतो, पण त्यांचा किकशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

तिने मला बरोबर पकडलं. "बाबानं पाठवलं ना, काका?"

"नाही ना बा, हवा खायले आलतो."

"असंन." मग आवाज उतरवून म्हणाली, "त्यायले सांगा, पोरगी शहानी झाली, आपल्या मनचं शिकवते. शिव्या देतीन तर देऊ द्या. पण ग्राउंड गेलं हे नका सांगू. त्याच्याच भरोशावर माणूस जिता हाय."

मी तसंच सांगितलं. "बापाची लाइन मोडणारी कायची कोच?" इथपासून उस्तादांनी तिला नाही नाही ते ऐकवलं. ती भाताचा घास त्यांच्या तोंडाजवळ धरून बसली होती. मला तिची फार दया आली. मी उठून घरी आलो.

पुढे ती चहाच्या टपरीवर ट्रकवाल्यांशी बोलताना दिसू लागली. कधी कुणाशी धड न हसणारी ही मुलगी त्यांना चहा पाजत होती, हसत होती! गल्लीत कुजबुज सुरू झाली आणि त्यात मी कुणाच्या मागे नव्हतो. मला वाटलं, ही ट्रकवाल्यांकडून हप्ता घेत असणार. बापापासून लपवते ते उगीच नाही.

एका रविवारी दुपारी भिंतीवर चढून पाहतो तर मैदान मोकळं. एकही ट्रक नाही. हिच्या शब्दावर ट्रक हलतात म्हटल्यावर माझा संशय आणखीच बळावला. तेवढ्यात ती चेंडू ठेवून, मागे मागे सरकत, माझ्या भिंतीपर्यंत आली.

"काका, घरात जा. बाबापाशी बसा," ती म्हणाली. "डायवर लोकायच्या कितीक हातापाया पडली, तवा आज एका दुपारपुरते आयकले."

मी उतरून त्यांच्या घरात गेलो.

उस्ताद डोळे मिटून पडले होते. बाहेर पावलं वाजू लागली. दुरून, घाई न करता, मग जोरात. आणि धप!

"ट्रक हटवले वाटते," उस्ताद म्हणाले.

मी उडालोच. "तुमाले कोणं सांगतलं?"

"मले काय कान नाहीत? रोज सकाळी उशाशी सुरू होतेत, मंग एक दिवस उमजलं. मले मालूम हाय, हे तिले नको सांगू. तेवढ्यापायी शिव्या खाऊन राह्यली बिचारी." मग त्यांनी दाराकडे मान वळवली. "जाय," म्हणाले, "उस्तादले म्हण, च्या मांड."

उस्ताद! हा शब्द त्यांनी दुसऱ्या कुणासाठी वापरल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी बाहेर धावलो. ती चेंडू काखेत घेऊन ओसरीवर उभी होती. मी सांगितलं.

"तुमच्या मनचं तर नाही?" म्हणत ती आत गेली. तिला पाहून उस्ताद म्हणाले, "च्या मांडाले इतका टाइम?" बस, एवढंच.

त्याच आठवड्यात ते गेले.

ट्रक केव्हाच परत आलेत. दोन ट्रकांच्या मधे तिची शिकवणी चालू असते आणि मी भिंतीवर बसतो. परवा फक्कीची बादली खाली ठेवून ती माझ्यापाशी आली.

"काका, बाबा खरंच म्हणले होते? उस्ताद?"

"म्हणले होते."

जन्मभर मी कुणाच्या शब्दावर पावती फाडली नाही. आज माझ्यापाशीही शब्दाशिवाय काही नव्हतं. पोट्ट्यांचा बूट पाहते तसं तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. हातातला चेंडू अंगठ्याने दाबला.

"असंन," ती म्हणाली.

"दाखव बरं" म्हणाली नाही. शिट्टी वाजवत पोट्ट्यांकडे निघून गेली.